निष्कर्ष साहेबांचा, आकडे तुमचे

पत्रलेखिका 28 वर्षांच्या आहेत. मूळ गाव मराठवाड्यातलं, अर्थशास्त्रातलं एम. ए. पुण्यात झालेलं. दोन वर्षांपासून राज्य शासनाच्या एका कार्यालयात त्या कंत्राटी धोरण विश्लेषक आहेत. कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करण्याच्या प्रस्तावावर त्यांना एका जिल्ह्यापुरती टिपणी करायला सांगितलं होतं. त्यांनी 43 शाळांची माहिती जमवली, त्यातल्या काही ठिकाणी स्वतः जाऊन आल्या आणि 11 वाड्यांच्या शाळा बंद करू नयेत असं मत लिहिलं. वाटेत ओढा आहे आणि पावसाळ्यात वाट बंद होते, हे कारण. वरून 'चर्चा करावी' एवढाच शेरा आला. चर्चा पाच मिनिटांत आटोपली. सुधारित टिपणीतून त्यांचं मत काढलं गेलं, तक्ता 'सुटसुटीत' झाला आणि प्रस्ताव पुढे गेला. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलंय की अंतराच्या रकान्यात त्यांनी मोजलेल्या पायवाटेऐवजी आता हवाई अंतर आहे. एका वाडीचं अंतर 2.6 किलोमीटर होतं, ते 900 मीटर झालं.

त्या विचारतात, "माझं ऐकायचंच नव्हतं तर मला नेमलं कशाला? इथे निर्णय आधी होतो आणि आम्ही मागाहून कारणं शोधतो. गुरुग्रामच्या एका सल्लागार कंपनीने दुप्पट पगार देऊ केलाय. पत्रकार मैत्रीण म्हणते, मूळ टिपणी दे, मी छापते. आई विचारते, कायम कधी होणार? ताई, मी काय करू?"

नमस्कार.

तुमच्या पत्रात मत डावलल्याबद्दल दीड पान आहे आणि अंतराच्या रकान्याबद्दल एक ओळ. मला त्या एका ओळीची जास्त काळजी वाटली. तिच्याकडे येतेच, पण आधी मताचं बोलू, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय.

निवृत्त होईपर्यंत मी सरकारी कचेरीत टिपण्या लिहिल्या आणि दुसऱ्यांच्या तपासल्या. टिपणी कार्यासनावरून, म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या टेबलावरून, उठते. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उप सचिव असं करत सचिवांपर्यंत जाते. पैशाचा प्रश्न असला तर वित्त विभागाचे अभिप्राय येतात, कायद्याचा असला तर विधी व न्याय विभागाचे, आणि मग मंत्री किंवा मंत्रिमंडळ ठरवतं. या वाटेवर प्रत्येकाला आपलं वेगळं मत लिहिता येतं. खालच्याने एक सुचवलं आणि वरच्याने दुसरं ठरवलं, तर तो खालच्याचा अपमान मानू नये. शाळेवरून सभागृहात लक्षवेधी लागली तर उभं मंत्र्यांना राहायचंय, तुम्हाला नाही. जाब ज्याला द्यायचा, ठरवायचंही त्यानेच, आणि मला ते योग्यच वाटतं. तुम्ही परीक्षा देऊन, मुलाखत देऊन आलात. निवडून आला नाहीत, मीही आले नव्हते.

'निर्णय आधी होतो' हे तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. कित्येक निर्णय तुमच्या टेबलावर येतात तेव्हा घोषणा होऊन गेलेली असते. कधी अर्थसंकल्पाच्या भाषणात, कधी जाहीरनाम्यात, कधी दिल्लीहून आलेल्या मार्गदर्शक सूचनांत. पण घोषणा एका ओळीची असते आणि शासन निर्णय आठ-दहा पानांचा. 'कमी पटाच्या शाळा विलीन करणे' ही एक ओळ झाली. कोणत्या वर्षापासून? आधी कोणत्या शाळा? शिक्षकांचं समायोजन कुठे? पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंचं काय? वाहनाचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून? अपवाद कोणते आणि ते ठरवायचे कुणी, गटशिक्षणाधिकाऱ्यांनी की जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी? यातलं काहीही घोषणेत ठरलेलं नसतं. तुमच्या 11 वाड्यांना जागा आहे ती इथे, अपवादाच्या परिच्छेदात. तुम्ही मात्र मूळ प्रस्तावाला 'नको' म्हणायला गेलात आणि त्या 'नको'सोबत वाड्याही खाली पडल्या.

आता ती ओळ.

हवाई अंतर म्हणजे नकाशावरच्या दोन ठिपक्यांना जोडणारी सरळ रेघ. सहा वर्षांचं पोर त्या रेघेवरून चालत नाही. ते बांधावरून, वस्तीला वळसा घालून, ओढ्याला उतार असेल तिथपर्यंत जाऊन पलीकडे येतं. तुम्ही तशा वाटेने चालत जाऊन 2.6 किलोमीटर मोजलेत. सुधारित तक्त्यात 900 मीटर आले आणि रकान्याचं शीर्षक राहिलं नुसतं 'अंतर'. शिक्षण हक्काच्या राज्य नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही मर्यादा आहे. म्हणजे त्या एका रकान्याने ती वाडी नियमाबाहेरून नियमात आणून बसवली. पुढे सही करणाऱ्या कुणालाही तक्ता बघून ओढ्याची शंकासुद्धा येणार नाही.

मत बदलायचा अधिकार साहेबांना आहे. मोजलेलं अंतर बदलायचा अधिकार कुणालाच नाही. दुसऱ्या पद्धतीने मोजायचं असेल तर खुशाल मोजावं, पण कोणत्या पद्धतीने मोजलं ते रकान्याच्या डोक्यावर लिहावं. या नोकरीत तुम्ही ज्यासाठी हट्ट धरावा अशी मला दिसते ती ही जागा, आणि तिथे तुम्ही गप्प बसलात याचं मला वाईट वाटलं. सगळा राग मतावर खर्च झाला.

साहेबांनी हे मुद्दाम केलं असं मी धरून चालत नाही, तुम्हीही चालू नका. बाकीच्या जिल्ह्यांचे तक्ते हवाई अंतरावर आले असतील आणि एकसारखेपणा यावा म्हणून तुमचाही तसा करून टाकला असेल. कचेरीत अशा गोष्टी घाईने होतात, अधिवेशनाच्या तोंडावर तर फारच. म्हणून जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, रकाना घेऊन जा. "सर, इतर जिल्ह्यांप्रमाणे हवाई अंतर ठेवलंय ते राहू द्या. शेजारी चालत जायच्या अंतराचा एक रकाना जोडू का? उद्या कुणी विचारलं तर आपल्याकडे उत्तर असेल." सभागृहात काय विचारलं जाईल याची धास्ती प्रत्येक अधिकाऱ्याला असते, आणि ती रास्त असते. तुमचा रकाना त्यांना त्या प्रश्नापासून वाचवतो, हे त्यांना दिसलं पाहिजे.

सोबत एका पानाची पूरक टिपणी द्या. मी असती तर साधारण अशी लिहिली असती:

'सोबतच्या तक्त्यातील अंतर हवाई आहे. 11 वाड्यांबाबत प्रत्यक्ष चालत जाण्याचे अंतर व पावसाळ्यात वाट बंद राहण्याचा कालावधी स्वतंत्र रकान्यांत नमूद केला आहे. या वाड्यांबाबत पुढील पर्याय विचारार्थ सादर. (अ) शाळा आहे त्या ठिकाणी सुरू ठेवणे. (आ) विलीनीकरण करून वाहनाची सोय करणे. (इ) ओढ्यावर पूल होईपर्यंत विलीनीकरण पुढे ढकलणे. प्रत्येक पर्यायाचा अंदाजे वार्षिक खर्च व संबंधित लेखाशीर्ष सोबत जोडले आहे.'

यात 'अयोग्य' नाही, 'अन्यायकारक' नाही, 'बालकांच्या भवितव्याशी खेळ' तर अजिबात नाही. असे शब्द आले की वाचणारा लिहिणाऱ्याचा स्वभाव वाचायला लागतो. इथे त्याला ओढा वाचावा लागतो आणि तीनपैकी एकावर खूण करावी लागते. 'अ' नाकारला तरी 'आ' किंवा 'इ' हातात राहतो, आणि पोरं कोरड्या पायाने शाळेत पोचतात. तुम्हाला हवं होतं ते हेच ना?

नियमाचा आधार जोडायला विसरू नका. केंद्राच्या 2010 च्या शिक्षण हक्क नियमांत 'चालत जाण्याचं अंतर' असंच म्हटलंय. पुढे हेही म्हटलंय की अवघड भूभाग, दरडी कोसळण्याची किंवा पुराची भीती, रस्ते नसणं, लहान मुलांना येण्याजाण्यात धोका, असं काही असेल तर मर्यादा कमी करून धोका टळेल अशा बेताने शाळा द्यावी. आपल्या राज्याच्या 2011 च्या नियमांत याच विषयावर काय आहे ते शब्दशः उतरवून जोडा. विश्लेषकाचं मत बाजूला सारणं सोपं असतं. नियमाचा उतारा नस्तीला, म्हणजे फाइलला, लागलेला असला की तो बाजूला सारताना हात थांबतो.

खर्चाचंही तसंच. आपल्याकडे रोजगार हमी टिकली यामागे बरीच कारणं आहेत, पण एक कारण पैशाची सोय हे आहे. 1972 च्या दुष्काळानंतर ही योजना राज्यभर रुजली, तिच्यासाठी पैसा उभा करायला 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला, 1977 साली खुद्द हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. आजही बहुतेक पगारदारांच्या पावतीवर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, त्याचं मूळ तिथे आहे. ही योजना सुचवणाऱ्या वि. स. पाग्यांची कल्पना मोठी होती यात वाद नाही, पण पैसा कुठून येणार याचं उत्तर सोबत होतं म्हणून ती नुसती कल्पना राहिली नाही. तुमच्या 'आ' पर्यायात वाहनाचा खर्च लिहिलेला नसेल तर वित्त विभाग पहिला प्रश्न तोच विचारेल आणि नस्ती परत येईल. मार्चच्या अर्थसंकल्पात तरतूद हवी असेल तर अंदाज पाठवायचे दिवस बरेच आधी येतात. तुमच्या विभागात ते कधी जातात, आजच विचारून घ्या.

कुणाला विचारायचं? तुमच्या पत्रात साहेब आहेत, मैत्रीण आहे, आई आहे. कार्यासनावरच्या सहायक कक्ष अधिकाऱ्यांचा उल्लेख कुठेच नाही. मला हे खटकलं. बाहेरून शिकून आलेल्या बऱ्याच हुशार मुलामुलींचं असं होतं. मुख्यमंत्री फेलोशिपमधून येणारे असोत, सल्लागार म्हणून बसलेले असोत की तुमच्यासारखे कंत्राटी विश्लेषक, ते सचिवांकडे बघतात आणि शेजारच्या टेबलाकडे बघायचं राहून जातं. सचिव बदलून जातात. त्या टेबलावरच्या माणसाला मात्र आठवतं की हाच विषय मागे कधी आला होता आणि कुठे अडला होता. त्यांना एवढंच विचारा, "मॅडम, या विषयाची जुनी नस्ती आहे का?" त्या नस्तीत मागच्या मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं उत्तर सापडेल. एखादेवेळी आश्वासनही सापडेल, आणि सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. 'वाडीतलं मूल शाळेपासून दूर जाणार नाही' असं कधी कुणी सभागृहात बोलून गेलं असेल, तर त्या एका कागदाचं वजन तुमच्या सगळ्या टिपणीपेक्षा जास्त आहे. शिवाय कंत्राटी माणसाला बऱ्याच ठिकाणी नस्तीवर थेट सही नसते. तुमचं पान वर जाणार ते याच मॅडमच्या हातून.

मत नाकारलं गेलं म्हणजे काम वाया गेलं, ही समजूत तुम्ही मनातून काढावी असं मला फार वाटतं. तुम्ही मराठवाड्याच्या आहात, म्हणून तुमच्याच घरचं सांगते. 1983 साली प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करायला अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, शिक्षण, वीज अशा एकेका क्षेत्रात राज्याच्या सरासरीच्या किती मागे कोणता जिल्हा आहे हे समितीने पैशात मांडलं आणि एकूण अनुशेष 3,186 कोटी रुपयांचा काढला. शासनाने तो अहवाल जसाच्या तसा स्वीकारला नाही. पण त्यानंतर विदर्भ-मराठवाड्याच्या मागासलेपणावर बोलायचं तर अनुशेषाच्या आकड्यांतच बोलावं लागलं, बाजूने बोला नाहीतर विरोधात. 1994 साली विकास मंडळं आली, पुढे निर्देशांक व अनुशेष समिती आली, 2011 साली केळकर समिती नेमली गेली. जिल्हा हा घटक धरावा की तालुका, सरासरी कशाची धरावी, यावर खडाजंगी झाल्या. त्या होऊ शकल्या, कारण कशाची सरासरी आणि कशी काढली हे दांडेकरांनी उघड लिहून ठेवलं होतं. ज्याला पटलं नाही त्याला नेमकं काय पटलं नाही ते सांगता आलं. तुमच्या तक्त्यात 'अंतर' या शब्दाआधी 'हवाई' लिहिलेलं असतं तर तेवढ्याने हेच साधलं असतं.

असं काम करणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक तक्त्याखाली चार ओळी लिहायची सवय लावून घ्या. माहिती कुठून घेतली, कोणत्या तारखेची, कुणी मोजली, कशी मोजली. शाळेच्या नावाशेजारी तिचा 11 अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, टाका, कारण एकाच नावाच्या दोन वाड्या एकाच तालुक्यात सर्रास असतात. आणि टिपणीचा प्रत्येक मसुदा तारखेसह कार्यालयीन मेलवर ठेवा. कुणाला अडकवायला नव्हे. दोन वर्षांनी विषय पुन्हा निघाला की नव्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये म्हणून.

आता पत्रकार मैत्रीण. तिला टिपणी देऊ नका. कंत्राटावर सही करताना गोपनीयतेची अट तुम्ही मान्य केली असणार, तो एक भाग झाला. दुसरा भाग मला जास्त मोठा वाटतो. ती टिपणी फुटली की संशय फक्त तुमच्यावर येणार नाही, ज्यांनी तुम्हाला जुन्या नस्त्या बघू दिल्या त्यांच्यावरही येईल. आणि पुढच्या विश्लेषकाला त्या कार्यालयात कुणी कपाट उघडून देणार नाही. पैसे खाल्ले जात असते, खोटी पटसंख्या दाखवून अनुदान उचललं जात असतं, तर मी वेगळं सांगितलं असतं. त्यासाठी लेखी तक्रारीच्या वाटा आहेत आणि तिथे गप्प राहणं गैर आहे. इथे अजून धोरणावरचा मतभेद आहे आणि दुरुस्त होऊ शकेल असा एक रकाना आहे.

मैत्रिणीला बातमी करायची असेल तर ती तुमच्यावाचून करता येते. कमी पटाच्या शाळांची माहिती काही गुपित नाही. ती स्वतः वाडीवर जाऊ शकते, पालकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलू शकते, मूल चालतं ती वाट चालून बघू शकते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये महत्त्वाची धोरणं आखताना संबंधित सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करणं आणि बाधित लोकांना प्रशासकीय निर्णयाची कारणं देणं ही शासनाचीच जबाबदारी सांगितली आहे. त्या कलमाचा आधार घेऊन मैत्रिणीला अर्ज करता येईल. तुम्ही तिला वाड्यांची नावंही सुचवू नका. आणि ती तुमची मैत्रीण आहे हे कार्यालयात कुणाला माहीत असेल, तर बातमी येण्याआधी काही दिवस तिच्याशी या विषयावर बोलणंच टाळा.

गुरुग्रामचं काय? जावंसं वाटलं तर जा, दुप्पट पगार घेण्यात काहीही कमीपणा नाही. घरी शैक्षणिक कर्ज फेडायचं असेल तर तो विचार पहिला. मात्र तिथे मत ऐकलं जाईल म्हणून जात असाल तर थांबा. अशा बऱ्याच कंपन्या याच सरकारांसाठी काम करतात, आणि तिथेही काय हवं ते ग्राहक सांगतो. फरक इतकाच की तिथे तुम्ही वाडीवर कितीदा जाल ते ग्राहकाच्या बजेटवर ठरेल.

माझ्या हिशेबाने सोडायचं की नाही हे त्या पूरक पानावरून ठरवा. पान वर गेलं, वाचलं गेलं आणि तरीही 'अ', 'आ', 'इ' तिन्ही नाकारले गेले, तर तुम्हाला दुःख होईल. तरीही मी थांबा म्हणेन, कारण कागद नस्तीवर राहिला आणि ज्याने नाकारलं त्याने ओढा बघून नाकारलं. रकाना जोडायलाच नकार मिळाला तर तक्त्याखालून तुमचं नाव काढायला लेखी सांगा, शांतपणे, दोन ओळींत. एवढं करूनही तोच तक्ता तुमच्या नावाने पुढे पाठवला गेला तर नोकरी सोडा. अशा जागी राहून तुमचा हात बिघडेल, आणि त्याची भरपाई कुठला अनुभव करत नाही. कंपनीकडून महिनाभराची मुदत मागून घ्या. माणूस खरंच हवा असेल तर देतात.

आईंना खरं सांगा. या पदावर कायम होण्याची वाट बघू नका, कारण बहुतेक ठिकाणी या कामाला मंजूर पदच नसतं. मुदत संपते, वाढते, किंवा वाढत नाही. सरकारात राहूनच हे काम आयुष्यभर करायचं असेल तर रीतसर वाटा वेगळ्या आहेत. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालयातली पदं आहेत. केंद्रात भारतीय आर्थिक सेवा आहे. तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, ती तुमच्याकडे आहे, आणि सर्वसाधारण वयोमर्यादा 21 ते 30 आहे. तुमचं वय 28. तेव्हा यंदाची जाहिरात बघा, कोणत्या तारखेला वय मोजतात ते नीट वाचा आणि अभ्यासाला आताच बसा. नोकरी सांभाळून तो झेपतो की नाही हे पहिल्या तीन-चार महिन्यांत कळेल, आणि तोवर तुमच्या पानाचं काय झालं तेही कळलेलं असेल.